मे-जूनमधला हिमालय: तिकीट काढण्याआधी आणि निघण्याआधी बर्फ तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हम्प्ता पास, सार पास, रूपिन पास, भृगू लेक, फुलांची दरी. सुट्टीच्या पुरवण्यांमध्ये हिमालयातल्या ट्रेकच्या या नावांपुढे दरवर्षी एकच ओळ छापून येते: ‘जाण्यासाठी उत्तम काळ: मे-जून’. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडीकडून दर उन्हाळ्यात हिमालयात जाणारे बरेच जण या एका ओळीवर विसंबून तारखा ठरवतात. ही ओळ अपुरी आहे आणि काही वर्षी ती सरळ धोक्याची ठरते, असं आम्हा गिर्यारोहण शिकवणाऱ्यांचं मत आहे. म्हणून हे सविस्तर पत्र. जागेअभावी कापायचंच झालं तर शेवटची विनंती कापा, पण मधली तपासणीची पद्धत कृपया पूर्ण छापा.

कोकणातल्या माणसाला सवड मिळते ती नेमकी अडनिड्या काळात. परीक्षा आणि निकाल आटोपतात, आंब्याच्या पेट्यांची धावपळ ओसरते, तोवर मे अर्धा उलटलेला असतो. आणि मिरगाच्या आत घरी परतायला हवं, कारण पेरणी आहे, शाळा उघडायच्या आहेत. हाती उरतात ते १५ मे ते १० जून एवढेच दिवस. ४,००० मीटरच्या वरच्या खिंडींमधला हिवाळ्याचा बर्फ वितळत असतो तोही याच दिवसांत. त्यात नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे मंगला एक्स्प्रेसची दिल्लीची तिकिटं शिमग्याच्या सुमारास निघतात, जेव्हा वर बर्फाचा थर सर्वांत जाड असतो. मार्चमध्ये तारीख ठरते आणि मेमध्ये ती बदलायला कोणी तयार नसतं. अडचण इथूनच सुरू होते.

बर्फ म्हणजे धोका आणि बर्फ नाही म्हणजे सुरक्षित, असं साधं गणित मात्र नाही. एप्रिलच्या शेवटी एखादा नाला दोन-तीन मीटर जाड, घट्ट बर्फाखाली पूर्ण बुजलेला असतो आणि पहाटे त्यावरून बिनघोर चालता येतं. जुलैत तोच नाला उघडा वाहत असतो. दगडावरून किंवा पाण्यातून तो कसा ओलांडायचा हे तरी समोर दिसतं. वाईट अवस्था असते ती या दोन्हींच्या मधली. वरून पांढरं, आतून पोकळ, पाय ठेवावा तर खचेल आणि पाण्यात उतरावं तर दोन्ही काठांवर बर्फाच्या उभ्या भिंती. कोकणची सुट्टी बहुतेक वेळा या मधल्या अवस्थेवर येऊन पडते. त्यामुळे ‘बर्फ आहे का’ एवढं विचारून भागत नाही. कुठे आहे, कोणत्या उतारावर आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, हे पाहावं लागतं.

सुरुवात नकाशापासून करावी. आपल्या वाटेचा सर्वांत उंच बिंदू किती मीटरवर आहे, तिथे चढताना आणि उतरताना उताराचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि तो किती तीव्र आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन तिरकं आणि कमी वेळ पडतं, म्हणून एकाच खिंडीची दक्षिण बाजू मोकळी आणि उत्तर बाजू पांढरी, असं हमखास दिसतं. घळी, डोंगराच्या सावलीतले खळगे आणि वाऱ्याने बर्फ आणून टाकलेल्या कडांच्या मागच्या बाजू सर्वांत शेवटी मोकळ्या होतात. उताराचा कोन समोच्च रेषांवरून, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, काढता येतो. आडव्या १०० मीटर अंतरात उंची ४७ मीटरने वाढली तर उतार २५ अंशांचा, ५८ मीटरने वाढली तर ३० अंशांचा, ७० मीटरने वाढली तर ३५ अंशांचा. टणक बर्फ असलेल्या ३० अंशांच्या उतारावर पाय घसरला, तर बर्फात रोवून थांबायची कुऱ्हाड, म्हणजे आइस अ‍ॅक्स वापरण्याचा सराव नसलेला माणूस स्वतःला थांबवू शकत नाही. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर बर्फ सरकण्याची, म्हणजे हिमप्रपाताची, शक्यताही सर्वाधिक असते. गूगल अर्थवर उंची आणि दिशा चांगल्या कळतात, तेवढ्यासाठी ते जरूर वापरावं. बर्फ पाहण्यासाठी मात्र नाही. तिथली चित्रं वेगवेगळ्या वर्षांची आणि महिन्यांची जोडलेली असतात. ‘मॅपवर तर हिरवं दिसतंय’ असं म्हणणारा बहुधा एखाद्या जुन्या सप्टेंबरचं चित्र पाहत असतो.

ताजा बर्फ पाहायचा तर युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं वापरावीत. ‘कोपर्निकस ब्राउझर’ या संकेतस्थळावर ती कोणालाही फुकट पाहता येतात. फोनवर जमतं, पण संगणकावर बरं पडतं. सेंटिनेल-२ निवडायचा, शोधपट्टीत खिंडीचे अक्षांश-रेखांश टाकायचे आणि तारीख बदलत जायचं. एकाच जागेचं चित्र साधारण दर पाच दिवसांनी मिळतं. मे महिन्यात ढगांमुळे त्यातली काही वाया जातात, तरी पंधरवड्यात एखादं स्वच्छ चित्र बहुधा हाती लागतं. त्यातला एक ठिपका जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा असतो. खिंडीचा माथा, माथ्याखालचा उतार, तळछावणीचं मैदान हे सगळं त्यात नीट ओळखू येतं.

नेहमीच्या रंगांत पाहताना दोन ठिकाणी फसगत होते. ढगही पांढरा आणि बर्फही पांढरा. शिवाय हिमनदीने आणून टाकलेली फिकट दगडमाती आणि नदीकाठची वाळूही उन्हात पांढुरकी दिसते. यावर उपाय म्हणून त्याच संकेतस्थळावर ‘एसडब्ल्यूआयआर’ (SWIR) नावाचा रंगपर्याय आहे. डोळ्यांना न दिसणारे लघुतरंग अवरक्त किरण बर्फ शोषून घेतो, तर ढग आणि कोरडी माती ते परत पाठवतात. त्यामुळे या पर्यायात बर्फ निळसर दिसतो, ढग पांढरेच राहतात आणि माती तपकिरी दिसते. दोन्ही चित्रं एकामागून एक पाहिली की शंका राहत नाही.

या चित्रांना काय दिसत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. बर्फाची जाडी दिसत नाही. देवदार-भूर्जाच्या दाट रानाखालचा बर्फ दिसत नाही. पाच-सहा मीटर रुंदीच्या नाल्यातली बर्फाची पट्टी एका ठिपक्यातच विरून जाते, आणि माणूस खचतो तो नेमका अशा नाल्यात. म्हणून वाट जिथे जिथे नाला ओलांडते ती प्रत्येक जागा नकाशावर खुणेने दाखवून ठेवावी आणि तिथली चौकशी स्वतंत्रपणे स्थानिकांकडे करावी. जाडीचा अंदाज मात्र एका आडवाटेने येतो. एकाच जागेची दहा-दहा दिवसांच्या अंतराची तीन चित्रं शेजारी ठेवावीत. पांढऱ्या पट्ट्यात काळे ठिपके, म्हणजे मोठे खडक, उघडे पडू लागले असतील तर थर पातळ झाला आहे. तीन चित्रांत काहीच फरक नसेल तर वर अजून भरपूर बर्फ आहे.

ही तपासणी तीनदा करावी. पहिली तिकीट काढताना. त्या वेळी चालू मोसमाचं चित्र पाहून फारसं कळत नाही, पण याच संकेतस्थळावर मागच्या वर्षांची चित्रंही असतात. आपल्या तारखेच्या आसपासची गेल्या पाच वर्षांची चित्रं काढावीत आणि त्यातलं सर्वांत जास्त बर्फाचं वर्ष धरून बेत आखावा. ज्या खिंडीवर पाचपैकी तीन वर्षं १ जूनला दोन्ही बाजू पांढऱ्या होत्या, तिथे मे अखेर घरातल्या मुलांना घेऊन जायचं नाही, हे मार्चमध्येच ठरून जातं. हिवाळ्यातल्या बातम्यांवरून अंदाज बांधू नये. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला बर्फच नाही म्हणून देशभर बातम्या झाल्या, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे पुन्हा भरपूर बर्फ पडला. २०२३ मध्ये तर एप्रिल-मे महिन्यांत एकामागून एक पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिमालयात पाऊस-बर्फ पाडणाऱ्या हवामान प्रणाली, आल्या आणि केदारनाथला यात्रा सुरू असताना बर्फ पडत होता. उन्हाळ्यात किती बर्फ उरणार, हे मार्च ते मेच्या हवामानावरही तेवढंच अवलंबून असतं.

दुसरी तपासणी निघण्याआधी दहा-बारा दिवस, म्हणजे बेत बदलायला वेळ असताना. इथे थोडा हिशेब करता येतो. उंची दर १,००० मीटरने वाढली की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, हम्प्ता खिंड सुमारे ४,२७० मीटरवर. मनालीचं दिवसरात्रीचं सरासरी तापमान १८ अंश असेल, तर खिंडीत ते साडेतीन अंशांच्या आसपास असतं. शून्याच्या वरच्या प्रत्येक अंशामागे बर्फातून रोज साधारण ३ ते ६ मिलिमीटर पाणी सुटतं. हिवाळाभर दबून घट्ट झालेल्या एक मीटर बर्फात जवळपास ५०० मिलिमीटर पाणी साठलेलं असतं. म्हणजे साडेतीन अंश सरासरीला रोज दोन ते चार सेंटिमीटर थर कमी होतो, आणि एक मीटर बर्फ जायला साडेतीन ते पावणेसात आठवडे लागतात. ऊन, वारा, बर्फावरची धूळ आणि पाऊस यांनी हा आकडा हलतो, पण ‘पुढच्या आठवड्यापर्यंत सगळं वितळेल’ हा दिलासा खरा की खोटा, एवढं यातून नक्की ठरतं. १५ मेच्या चित्रात खिंड अखंड पांढरी असेल आणि आपण २५ मेला तिथे पोचणार असू, तर बर्फावरून चालायची तयारी ठेवायची किंवा दुसरीकडे जायचं. तिसरा मार्ग नाही.

रस्ता उघडल्याच्या बातमीवर तर अजिबात जाऊ नये. सीमा रस्ते संघटना यंत्रांनी बर्फ कापून रस्ता मोकळा करते. गाड्या धावत असतात तेव्हा दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्याच असतात. पूर्वी रोहतांग खिंडीचा रस्ता उघडला की पलीकडच्या लाहौलमधल्या बर्फाचा थोडाफार अंदाज यायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलला बोगद्यातून जाता येतं आणि ती खूणही गेली. हम्प्ताच्या बाबतीत उलटी अडचण येते. खिंड कशीबशी पार करून पलीकडे छत्रूला उतरलात, पण ग्रांफू-छत्रू रस्ता अजून उघडलेला नसेल, तर न्यायला गाडीच येऊ शकत नाही. रस्त्याची चौकशी त्यासाठी करायची. उत्तराखंडातल्या हेमकुंड साहिबच्या वाटेवरही हेच. अटलाकोटीजवळ दरवर्षी सेनेचे जवान बर्फ कापून वाट करून देतात, म्हणून यात्रा सुरू होते. फुलांची दरी १ जूनला उघडते, पण तेव्हा आतल्या वाटेवर नाल्यांमध्ये बर्फ असतो, आणि फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. काश्मीरची सात सरोवरांची वाट तर जुलैआधी धरूच नये.

स्थानिकांना विचारणं सर्वांत महत्त्वाचं, पण विचारायचं कसं हे ठाऊक हवं. ‘रास्ता खुला है क्या?’ या प्रश्नाला ‘हो जाएगा सर’ हेच उत्तर मिळतं. त्यात फसवणूक नसते. तिथल्या वाटाड्याला रोज बर्फावरून चालायची सवय असते आणि त्याच्या दृष्टीने रस्ता खरंच खुला असतो. प्रश्न असे हवेत: शेवटचा गट कोणत्या तारखेला पार झाला? किती वाजता निघाला आणि माथ्यावर किती वाजता पोचला? दोर लावावा लागला का, लावला तर किती लांब? कोणत्या नाल्यावर बर्फाचा पूल आहे आणि तो मधून खचलाय का? पहाटे बर्फ कडक होता की पाय रुतत होता? गटातले किती जण परत फिरले? माथ्याच्या आधीच्या छावणीतली दगडी कुंपणं, मेंढपाळांचे गोठे दिसतायत का, की तेही बर्फाखाली आहेत? या शेवटच्या प्रश्नातून जाडी कळते. फोटो मागवावा, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून न मागवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. साधा फोटो पाठवला की काढल्याची तारीख आणि जागा पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून आला तर ती माहिती फाइलमध्ये राहते. समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींमध्ये गेल्या वर्षीचा जून कोणता आणि या वर्षीचा कोणता, हे ओळखता येत नाही. निदान दोन वेगवेगळ्या माणसांना विचारावं, आणि त्यातला एक तरी आपल्या आयोजकाचा माणूस नसावा. वन विभागाची चौकी, पायथ्याच्या गावातला दुकानदार, खेचरवाला, कोणीही चालेल. खेचरं कुठपर्यंत जातायत, हा प्रश्न जरूर विचारावा. कोवळ्या बर्फात खेचराचे पाय रुततात, म्हणून मालक त्याला तिथे नेत नाही. खेचरं जिथे थांबतात तिथून खरा बर्फ सुरू झाला, असं खुशाल समजावं.

तिसरी तपासणी पायथ्याला पोचल्यावर, चढाईआधी दोन-तीन दिवस. यात पाहायचं ते रात्रीचं हवामान. बर्फ दिवसा मऊ होतो आणि रात्री पुन्हा गोठतो. पहाटेच्या त्या कडकपणावरच सगळी चाल अवलंबून असते. रात्र निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता सोडतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी त्याला कडक कवच येतं. रात्र ढगाळ असेल तर ती उष्णता अडकून राहते आणि बर्फ गोठत नाही. म्हणून ‘पाऊस नाही, फक्त ढग आहेत’ ही बर्फावर चालणाऱ्यासाठी चांगली बातमी नव्हे. हवामानाच्या संकेतस्थळांवर शून्य अंशाची उंची, म्हणजे हवेचं तापमान ज्या उंचीवर शून्य होतं ती, पाहता येते. पहाटे ती खिंडीच्या खाली असेल तर उत्तम, आणि हजार मीटर वर असून आकाश ढगाळ असेल तर त्या दिवशी निघू नये. अशा अंदाजात बऱ्याचदा जवळच्या गावाचं तापमान दाखवलेलं असतं, ते कोणत्या उंचीचं आहे हे पाहून वर दिलेल्या हिशेबाने कमी करून घ्यावं. नव्या बर्फाची शक्यताही धरायलाच हवी. जून २०२४ च्या सुरुवातीला उत्तराखंडात सहस्त्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडून कर्नाटकातले नऊ ट्रेकर मृत्युमुखी पडले. तारीख जूनची होती, तरीही. ताजा बर्फ जुन्या घट्ट थरावर बसला की त्याच्याशी सांधला जायला वेळ लागतो, तोवर तो सरकण्याचा धोका मोठा. निदान एक-दोन दिवस थांबावं, आणि तीव्र उतार असेल तर परत फिरावं.

प्रत्यक्ष चालताना पहाटे तीन-चारला निघून नऊ-दहाच्या आत माथा ओलांडून तीव्र उतार उतरून जावेत. अंधारातच पहिली परीक्षा करता येते. बूट जोराने आपटला आणि जेमतेम सोल उमटला तर बर्फ गोठलेला आहे. घोट्याच्या वर रुतला तर नाही, आणि ऊन आल्यावर गुडघ्यापर्यंत रुतणार. अशा बर्फात चालण्याचा वेग निम्म्याहूनही खाली येतो, सगळं वेळापत्रक कोलमडतं आणि दुपारी बर्फ सर्वांत धोकादायक झालेला असताना गट उतारावर अडकतो. उतारावरून बर्फाचे लहान लहान गोळे आपोआप घरंगळू लागले तर वरचा थर सुटत चालला आहे, त्याच्याखालून ताबडतोब बाजूला व्हावं. ऊन वर आलं की बर्फाने धरून ठेवलेले दगडही सुटतात, म्हणून घळीत विश्रांतीला बसू नये. बर्फातून डोकावणाऱ्या मोठ्या खडकाला टेकण्याचा मोह होतो, तोही टाळावा. काळा खडक तापून आपल्याभोवतीचा बर्फ आतून वितळवतो, वरून कळत नाही आणि माणूस मांडीपर्यंत आत जातो, पाय दगडांत अडकून मोडतो. खडकापासून दीड-दोन मीटर लांबून जावं. खिंडीच्या माथ्यावर फोटोसाठी कडेला जाऊ नये, पुढे झुकलेल्या बर्फाच्या छज्ज्याखाली काहीच नसतं.

बर्फाच्या पुलाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण हा प्रकार सह्याद्रीत नाही आणि आपल्याकडचा माणूस तो ओळखू शकत नाही. आतून कुजलेल्या वाशांवर उभा असलेला साकव असतो ना, तसा हा पूल. वरचं अंग धड दिसतं आणि झीज सगळी खालून, वाहत्या पाण्याने आणि त्यासोबत येणाऱ्या हवेने चाललेली असते. नीट पाहिलं तर खुणा दिसतात. मध्यभाग किंचित बसलेला, रंग स्वच्छ पांढऱ्याऐवजी राखाडी आणि ओलसर, आडवी चीर, कडेला पडलेली भोकं, आणि कान दिला तर पायाखालून पाण्याचा आवाज. आवाज मंद आणि खोल असेल तर थर जाड, खळखळ स्पष्ट ऐकू आली तर पातळ. वाटाड्या आधी काठीने ठोकून पाहतो, त्याच्या पावलांवरूनच जावं. एका वेळी एकच माणूस, पुढचा पलीकडे पोचल्याशिवाय दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवावा, पाण्यात पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. पहाटे ओलांडलेला पूल दुपारी परतताना तोच असेल असं धरू नये. रूपिनच्या खोऱ्यात आणि फुलांच्या दरीच्या वाटेवर असे पूल असतात, जूनमध्ये ते एकेक करून कोसळतात. पुलावर उभं राहून गटाचा फोटो काढू देणारा वाटाड्या कितीही गोड बोलणारा असो, त्याला तिथल्या तिथे थांबवावं.

सार पासच्या उतारावर बसून घसरत जाण्याची हौस मुलांना असते. जुन्या मऊ बर्फावर, खालचं टोक दिसत असताना आणि तिथे दगड नसताना ते ठीक आहे. पण आधी मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटाखाली चढवलेल्या लहान दातांच्या साखळ्या, काढायलाच हवेत. घसरताना त्यांचे दात बर्फात अडकतात आणि घोटा मोडतो.

साहित्याचं थोडक्यात. मायक्रोस्पाइक्स २५ अंशांपर्यंतच्या उतारावर उपयोगी, त्यापुढे क्रॅम्पॉन्स, म्हणजे बुटाला बांधायचे मोठ्या दातांचे सांगाडे, आणि ते वापरण्याचं शिक्षण. ओल्या बर्फात दातांमध्ये ढेकळं बसतात आणि पकड जाते, दर काही पावलांनी काठीने झटकावी लागतात. बुटात बर्फ जाऊ नये म्हणून घोट्यावर गेटर्स (कापडी वेष्टणं) हवेत. जीन्स आणि सुती मोजे चालत नाहीत. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणून बाजूंनी बंद असलेला, तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीच्या गडद काचेचा गॉगल प्रत्येकाला, सामान वाहणाऱ्यांनाही. जत्रेतला काळा चष्मा नुसत्या डोळ्यांपेक्षा वाईट, कारण त्यामागे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. डोळे चुरचुरायला लागतात ते सहा ते बारा तासांनी, तोवर इजा होऊन गेलेली असते. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावावं, ऊन खालूनही येतं.

आयोजकाकडून पैसे भरण्याआधी लेखी घ्यावं: बर्फामुळे खिंड बंद असेल तर पर्यायी वाट कोणती, परत फिरण्याचा निर्णय कोण घेणार, दोर आणि आइस अ‍ॅक्स किती आणि वाटाड्ये किती, पैसे किती परत मिळणार. खिंडीआधीच्या छावणीत अर्धा दिवस बर्फावर चालण्याचा, पायाने पायऱ्या खोदण्याचा आणि घसरल्यास थांबण्याचा सराव घेतात का, हेही विचारावं. घेत नसतील तर तो आयोजक बर्फाच्या दिवसांत निवडू नये. हे कौशल्य आपल्या कातळावर शिकता येत नाही. मनापासून शिकायचं असेल तर उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थांचा मूलभूत अभ्यासक्रम आहे.

आणि तपासणीत बर्फ जास्त निघाला तर सुट्टी फुकट जात नाही. हर की दून, दयारा बुग्याल, तुंगनाथ-चंद्रशिला, संदकफू या वाटा ३,५०० ते ३,७०० मीटरच्या आसपास थांबतात आणि मेच्या उत्तरार्धात बहुतेक वर्षी मोकळ्या असतात, दर्शन मात्र हिमशिखरांचंच होतं. समुद्रसपाटीवरून थेट जाणाऱ्या आपल्या शरीरालाही ही उंची जास्त मानवते. खिंडच ओलांडायची असेल तर गणपती विसर्जनानंतरचा सप्टेंबरचा शेवट निवडावा. पाऊस ओसरलेला, वाटेवरचा जुना बर्फ बहुतेक गेलेला आणि भातकापणीला अजून थोडा अवकाश.

आता विनंती. सुट्टीच्या पुरवणीत प्रत्येक ट्रेकपुढे ‘उत्तम काळ’ लिहिता त्याऐवजी सर्वोच्च बिंदूची उंची, उतरतीच्या बाजूचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते, आणि नाले किती ओलांडावे लागतात, एवढं तरी छापावं. शिवाय १५ एप्रिल ते १५ जून दर शनिवारी एक छोटी चौकट द्यावी: खिंडीचं नाव, ताज्या उपग्रहचित्राची तारीख, दोन्ही बाजूंना बर्फ किती उंचीपर्यंत खाली आहे आणि शेवटचा गट कधी पार झाला. पाच-सहा नेहमीच्या वाटांसाठी हा मजकूर तयार करून दर शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत आपल्या कार्यालयात विनामूल्य पोचवण्याची जबाबदारी आम्ही घेतो. ज्या आठवड्यात ढगांमुळे चित्र मिळणार नाही, त्या आठवड्यात ‘चित्र उपलब्ध नाही’ असंच छापावं, जुना आकडा पुन्हा वापरू नये.

आपले,
चिपळूण व रत्नागिरी परिसरातील गिर्यारोहण प्रशिक्षक